तीन मिनिटांचा विलंबित

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकताना मी दर वेळी चक्रावते. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी, तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. मैफलीत ज्या रागाला तास पुरत नसे तो एवढ्याशा जागेत बसवायचा म्हटल्यावर दुसऱ्या कुणीही पळापळ केली असती. खाँसाहेबांच्या आवाजात पळापळ नाहीच. स्वर लागतो, तिथेच रेंगाळतो, आपणही त्याच्याशेजारी बसून राहतो, आणि संपल्यावर घड्याळ बघावं तर तीनच मिनिटं गेलेली असतात. आमच्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या नावाने संगीत सभा होते. तिथे रात्री मांडी घालून बसणाऱ्यांत नोकरदार असतात, तंतुवाद्यं बनवणारे कारागीर असतात, ज्यांना रागाचं नावसुद्धा ओळखता येत नाही असे माझ्यासारखे लोकही असतात. सम येईपर्यंत धीर धरायचा असतो हे आमच्या कानाला ठाऊक आहे. डोळ्याला मात्र ते कुणी शिकवलेलं नाही.

मी मार्केट यार्डाजवळ एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते. महिन्याची 11 आणि 20 तारीख आमच्याकडे आजारपणासारखी येते. पोर्टल अडकतं, हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी ऐन वेळी बिलांच्या पिशव्या आणून टेबलावर ओततात, आणि सगळ्यांना सगळं आत्ताच हवं असतं. अशा दिवसांनंतर घरी येऊन मी जे बघते ते माझ्या मैत्रिणींना अजिबात पटत नाही. दहा-पंधरा मिनिटांचे, फार तर अर्ध्या तासाचे लघुपट. त्यांत फारसं काही घडत नाही. बाई खिडकीशी उभी राहते, पोरगं गल्लीतून चालतं, धुकं येतं. ‘स्टोरी काय?’ म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. सांगायला गेलं तर स्वप्न सांगताना होते तशी पंचाईत: सांगणाऱ्याला सगळं लख्ख आठवतंय आणि ऐकणारा जांभई देतोय.

तरीही एक सांगून बघते. युरी नॉर्स्टाइन या रशियन माणसाने 1975 साली ‘हेजहॉग इन द फॉग’ नावाचा दहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट केला. हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखा काटेरी, पण ओंजळीत मावेल एवढा प्राणी. तो रोज संध्याकाळी आपल्या मित्राकडे, अस्वलाच्या पिल्लाकडे जातो. दोघं चहा पितात आणि चांदण्या मोजतात. आज त्याने सोबत रासबेरीचा मुरंबा गाठोड्यात बांधून घेतलाय. वाटेत धुकं लागतं आणि धुक्यात एक पांढरा घोडा उभा दिसतो. हेजहॉगच्या मनात येतं, हा घोडा झोपायला आडवा झाला तर धुक्यात गुदमरेल का? एवढीच शंका. ती फेडायला तो हळूहळू धुक्यात उतरतो आणि स्वतःचा पंजासुद्धा दिसेनासा होतो.

यातलं धुकं कसं केलं ते कळल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पहिल्यापासून बघितला. कागदातून कापलेली चित्रं काचेच्या थरांवर मांडायची, वरून कॅमेरा. मग त्या दृश्यावर अगदी पातळ कागद ठेवायचा आणि एकेका फ्रेमला तो किंचित, अगदी किंचित वर कॅमेऱ्याच्या दिशेने उचलत न्यायचा. कागद वर येईल तसं खालचं सगळं पुसट होत पांढरं होत जातं. सेकंदाला 24 फ्रेमा. म्हणजे पडद्यावर ज्या धुक्याला आपण ‘आलं’ म्हणतो ते कुणीतरी हाताने, केसाकेसाने उचललेलं आहे. जानेवारीत पहाटे सरकारी घाटावर जावं तर आयर्विन पुलाचं दुसरं टोक दिसत नाही, पुलावरून जाणाऱ्या सायकलवाल्याची फक्त घंटी ऐकू येते. ते धुकं मी लहानपणापासून बघतेय. पण धुक्याला जाडी असते, ते आपल्या आणि वस्तूच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि ते कुठे आहे यावर वस्तू किती दिसणार हे ठरतं, हे मला एका कागदाने सांगितलं.

पुढे तो नदीत पडतो, पाण्यातलं कुणीतरी त्याला पाठीवर घेऊन काठाला लावतं, शेवटी तो अस्वलाकडे पोचतो. अस्वल भडाभडा बोलतंय: मी खुर्च्या मांडल्या, मी हाका मारल्या, तू नसलास तर चांदण्या कुणाबरोबर मोजायच्या? आणि हेजहॉग शेजारी बसून घोड्याचा विचार करतोय. संपलं. लहान मुलांसाठी केलेला चित्रपट आहे हा. मुलांना तो चटकन समजतो, असं मी बघितलंय. कारण ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न त्यांना पडत नाही, तो आपल्याला पडतो.

या प्रकारच्या चित्रपटांची आजी म्हणावी ती माया डेरेन. जन्म 1917 चा, कीव्हमधला, वाढली अमेरिकेत. 1943 साली तिने नवरा अलेक्झांडर हॅमिड याच्यासोबत लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरात ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला. साधारण चौदा मिनिटांचा. स्टुडिओ नाही, नटसंच नाही, बाई म्हणून ती स्वतः. कॅमेरा 16 मिलिमीटरचा बोलेक्स. त्याला वीज लागत नसे, स्प्रिंगला चावी भरायची. पूर्ण भरलेली चावी नेहमीच्या वेगाने अर्ध्या मिनिटाच्या आतच उतरते. एका दमात मिळणार ते तेवढंच! खाँसाहेबांची तबकडी मला इथे आठवते. वेळेची तंगी असलेल्या माणसांनीच वेळ सैल सोडून दाखवलाय.

त्या चित्रपटात काय आहे? दुपार, रिकामं घर, पाव आणि सुरी, उचलून ठेवलेला फोन, एक फूल, एक किल्ली. किल्ली हातातून निसटते आणि पायऱ्यांवरून टप्पे घेत खाली जाते, इतकी सावकाश की ती पडतेय की उतरतेय ते कळू नये. बाई आरामखुर्चीत डोळे मिटते आणि तीच दुपार पुन्हा सुरू होते, किंचित बदललेली. मग पुन्हा. काळ्या झग्यातलं कुणीतरी रस्त्याने पुढे चाललंय, वळून बघतं तेव्हा चेहऱ्याच्या जागी आरसा. शेवटाकडे तीच बाई हातात सुरी घेऊन उठते आणि चालायला लागते. पहिलं पाऊल समुद्रकाठच्या वाळूवर पडतं, पुढचं गवतात, पुढचं रस्त्यावर, आणि मग खोलीतल्या गालिच्यावर. टेबलापासून खुर्चीपर्यंतच्या चार-पाच पावलांत एवढा प्रदेश. तो तुकडा मी थांबवून थांबवून बघितलाय. जादू काहीच नाही, निव्वळ कात्री आहे. चाल मोडत नाही म्हणून आपण जागा मोडल्याचं मान्य करतो.

हा चित्रपट आधी मूक होता, तेइजी इतो यांचं संगीत 1959 मध्ये जोडलं गेलं. माझं मत विचाराल तर आवाज बंद करून बघा.

आणखी एक गंमत, ती सिनेमावाल्यांना माहीतच असते. पडद्यावर संथ गती हवी असेल तर कॅमेरा मात्र जास्त वेगाने पळवावा लागतो. सेकंदाला 24 ऐवजी 48 किंवा 64 चित्रं घ्यायची आणि दाखवताना 24 च दाखवायची. किल्लीच्या त्या आळसावलेल्या उड्यांमागे कॅमेऱ्याची नुसती धावपळ असणार.

आता इथे एक भांडण काढायचंय. असे चित्रपट ‘रिलॅक्स’ व्हायला बघावेत, त्याने मन शांत होतं, असं हल्ली फार सांगतात. मला हे पटत नाही. संथ म्हणजे शांत हे समीकरण ज्याने मांडलं त्याने पूर बघितलेला नाही.

ऑगस्ट 2019. आम्ही गावभागात राहतो, पहिल्या मजल्यावर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फुटांची, धोक्याची 45. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बाहेरच्या माणसाला पूर म्हटलं की लोंढा आठवतो, टीव्हीवर दाखवतात तो घोंघावणारा. आमच्या गल्लीत तो तसा आलाच नाही. आला तो बिनआवाजी. दिवे गेलेले, फोन बंद पडत चाललेले, जिन्यात बसून आम्ही पाण्याकडे बघत होतो आणि पाणी चढताना दिसत नव्हतं. कितीही टक लावून बघा, ते जागच्या जागी. मात्र बाळाला दूध पाजून परत यावं तर मघाची पायरी नाही. खालच्या शेजाऱ्यांची प्लास्टिकची खुर्ची दारातून बाहेर आली, गल्लीच्या मधोमध स्वतःभोवती एक अख्खी फेरी तिने घेतली, इतकी निवांत की कुणीतरी तिच्यात बसलंय असं वाटावं, आणि ती देवळाच्या बाजूला निघून गेली. रात्रभर एक रिकामा सिलिंडर फाटकावर ठक... ठक करत होता. मधलं अंतर कधी सारखं नसायचं. पुढचा ठोका केव्हा येईल याच्यासाठी कान टवकारलेले, आणि तो आला की पोटात गोळा.

तेव्हापासून, पडद्यावर एखादी गोष्ट सावकाश जवळ येऊ लागली की मी सावरून बसते. डेरेनच्या हातात सुरी आहे. नॉर्स्टाइनच्या धुक्यात एक घुबड त्या बिचाऱ्याच्या मागावर आहे. स्वप्नं काय फक्त गोड असतात? या चित्रपटांची ओढ मला वाटते ती त्यांत गार वाटतं म्हणून नव्हे. घाईत जे घडून जातं आणि हाती फक्त निकाल लागतो, ते इथे पायरी-पायरीने बघायला मिळतं. ती पायरी बुडण्याच्या क्षणी मी तिथे असू शकते, आणि माझं घर त्यात नसतं.

माझ्या सोबतीला अनेकदा सासूबाई असतात. त्या हरिपूरच्या. माहेरी हळदीचा व्यापार होता, पेवं होती. हरिपूरची जमीनच अशी की जमिनीत खोल पेव खणून त्यात हळद साठवायची, वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. आईंना इंग्रजी येत नाही, रशियन तर नाहीच, आणि या चित्रपटांत त्याने काडीचाही फरक पडत नाही. सुरुवातीला मी हळूच लावायचे, त्या जपमाळ घेऊन शेजारी बसायच्या. नॉर्स्टाइन संपल्या संपल्या मी विचारलं, “आई, कसा वाटला?”

“थांब की जरा. पेव उघडलं की लगी उतरतात व्हय आत?”

पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा बाहेर पडू द्यावी लागते, नाहीतर उतरणारा माणूस गुदमरतो. त्यांनी लहानपणी वडिलांना कंदील सोडून बघताना पाहिलंय. त्यानंतर मी असे चित्रपट संपल्यावर कुणालाही लगेच काही विचारत नाही, आणि मला कुणी विचारलं तर आईंचं वाक्य तोंडावर मारते.

त्यांना सगळ्यांत आवडलेला लघुपट आपल्याकडचाच. पायल कपाडिया पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकत असताना तिने केलेला ‘आफ्टरनून क्लाउड्स’, 2017 चा, तेरा मिनिटांचा. त्या वर्षी तो कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात दाखवला गेला. (2024 मध्ये तिथेच ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला ग्रां प्री मिळालं, ते बहुतेकांना माहीत असतं, हा लघुपट फारसा कुणी बघितलेला नसतो.) साठीची विधवा काकी आणि तिच्याकडे कामाला असलेली नेपाळी मुलगी मालती, एक घर, एक दुपार. गॅलरीत एक फूल उमललंय. मालतीला अचानक गावाकडचा ओळखीचा मुलगा भेटतो.

“ही उषा नाईक न्हवं?” आई एकदम पुढे सरकल्या. ओळखीचा चेहरा दिसल्यावर आता काहीतरी होणार, कुणीतरी ओरडणार, कुणीतरी रडणार, अशी त्यांची तयारी झाली असावी. तसलं काही झालं नाही. तेरा मिनिटं संपली. बऱ्याच वेळाने, भाजी निवडताना त्या म्हणाल्या, “दुपारचं घर तसंच असतंय. पुरुषमाणसांना ठावं नसतंय ते.” मी कितीतरी परीक्षणं वाचलीत, हे कुणी लिहिलेलं नाही.

लघुपट म्हटल्यावर त्यांच्या पिढीला आठवते ती फिल्म्स डिव्हिजन. 1948 साली स्थापन झालेली सरकारी संस्था. थिएटरात मुख्य सिनेमाआधी तिचा माहितीपट किंवा वार्तापट दाखवणं बंधनकारक असे. आई म्हणतात, त्या वेळात लोक शेंगा घ्यायला बाहेर जायचे. म्हणजे छोट्या चित्रपटाच्या वेळी उठून जायची सवय आपल्याला फार जुनी आहे, उगाच मोबाइलला दोष नको.

आणि झोप? ती लागते. लागू द्यावी. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी तर उघड म्हणत की ज्या चित्रपटांत थिएटरात डुलकी लागते ते आपल्याला जास्त आवडतात. त्यांचा 2003 चा ‘फाइव्ह’ म्हणजे समुद्राकाठी घेतलेले पाच लांब तुकडे, एकापुढे एक. पूर्ण बघायला सव्वा तास लागतो, पण मी तो सुटा सुटा, पाच लघुपट असल्यासारखा बघते. एकात बदकं पाण्याच्या कडेने एकामागून एक पडद्याच्या एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूला जातात. येतात आणि जातात, येतात आणि जातात. आई पेंगायला लागल्या होत्या. आणि मग सगळीच्या सगळी बदकं एकदम गर्दी करून उलटी पळत आली. आई खडबडून जाग्या झाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे काय आलं असेल ते बघायला कॅमेरा काही वळला नाही. कुत्रं असेल, माणूस असेल, कुणास ठाऊक.

सगळे संथ चित्रपट चांगले असतात असं नाही, उलट वाईट निघण्याची शक्यता जास्तच. हल्ली प्रत्येक मोबाइलमध्ये स्लो-मोची सोय आहे, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक तरी लघुपट असा असतोच: कृष्णेवर ड्रोन, मागे पियानो, ओढणी उडवत सावकाश वळणारी मुलगी, मेणबत्ती, आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक वाक्य. त्यात वेळ ताणलेला असतो, भरलेला नसतो. ओळखायची माझी खूण साधी आहे. शॉट लांबत गेला की त्यात नवीन काहीतरी दिसायला लागलं पाहिजे. तेच ते दिसत राहिलं तर दिग्दर्शकाकडे दाखवायला एवढंच होतं.

अशाच एका ठिकाणी तासगावकडच्या एका मुलाचा लघुपट लागला होता. सहा-सात मिनिटांचा, रंगही जरा उतरलेले. बेदाण्याचं शेड. जाळ्यांचे एकावर एक थर, वर टाकलेली द्राक्षं अजून हिरवट, शेडच्या बाजूंचं हिरवं कापड वाऱ्याने आत येतं आणि बाहेर जातं. कॅमेरा एका जागी ठेवलेला. मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग त्याही थांबल्या. कापड आत आलं की द्राक्षांचा रंग बदलतो, बाहेर गेलं की पुन्हा पहिला. मग लक्षात आलं की सगळ्यांत खालच्या जाळीआड एक बाई बसलीये, ती सुरुवातीपासून तिथेच होती, आणि तिचे हात चाललेत. तिचा चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही. बेदाण्याची बिलं मी रोज हाताळते, वजन, दर, टक्के, सगळं तोंडपाठ. परीक्षकांनी बक्षीस ड्रोनवाल्याला दिलं.

तो मुलगा मला नंतर चहाच्या टपरीवर भेटला. मी म्हटलं, छान होता. तो म्हणाला, “मावशी, कॅमेरा धरायला माणूसच नव्हता, म्हणून एका जागी ठेवला.” मला हे फार आवडलं. बोलेक्सची चावी, तबकडीची साडेतीन मिनिटं आणि हा स्टूलवर टेकवलेला मोबाइल.

येत्या 20 तारखेनंतर ‘ला जेते’ लावायचा ठरवलाय, फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करचा, 1962 चा, 28 मिनिटांचा. तो जवळपास सगळा स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. एकामागून एक फोटो आणि निवेदकाचा आवाज. त्यात एकच जागा अशी आहे की झोपलेल्या बाईच्या फोटोंमधला एक खरोखर हलतो, ती डोळे उघडून आपल्याकडे बघते, काही सेकंदच, आणि पुन्हा सगळे फोटो. ही जागा मी आईंना आधी सांगणार नाही. बाकीचं सांगितलं, फोटोच फोटो आहेत म्हणून.

“मग अल्बमच काढ की लग्नाचा,” त्या म्हणाल्या. “त्यात निदान माणसं तरी वळखीची हाईत.”